न दिलेली ओ

इरावती परबला कुठलंही काम सांगा, ती आधी "होईल" म्हणायची आणि मग काम काय आहे ते विचारायची. गंमत म्हणजे ते काम व्हायचंही. त्यामुळे तिला कोणी शहाणपण शिकवायला गेलं की ती हसून मान डोलवायची आणि पुढे आपल्या मनासारखंच करायची.

साकीनाक्याला एका जुन्या औद्योगिक इमारतीत तिच्या कंपनीचा गाळा होता. खालच्या मजल्यावर पत्रे कापायचे, त्यामुळे जिन्यात कायम तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. कंपनी म्हणजे इरावती, तिच्याबरोबर कॉलेजपासून असलेला धम्मपाल, आणि मनात आलं तरच चालणारा एक एसी. धम्मपाल कांजूरमार्गला राहायचा आणि बरेचदा घरूनच काम करायचा. इरावती मात्र रोज दिंडोशीहून रिक्षाने यायची. घरी तिची आई होती, शकुंतलाबाई. कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता तोवर परळच्या चाळीत राहिल्या, तो गेल्यावर मुलीबरोबर दिंडोशीच्या वसाहतीत आल्या. एवढ्या वर्षांत मुंबईने त्यांच्या तोंडची मालवणी काही काढून घेतली नव्हती.

तर, काम आलं ते मुलुंडच्या चंद्रप्रकाशचं. विमा विकणाऱ्या माणसांना बोलायचं कसं ते शिकवणारी त्याची संस्था. त्याची माणसं ठिकठिकाणी पसरलेली, सगळ्या बैठका व्हिडिओवर. त्याला बैठक संपल्यासंपल्या कळायला हवं होतं, की कोण किती बोललं, कोणी कोणाचं बोलणं तोडलं आणि कोणाला विचारल्यावर कोण गप्प बसलं. हे सगळं ऐकून लिहून देणारी एक तयार सेवा बाजारात होती. आपण तिच्याकडे आवाज पाठवायचा, ती संभाषणाचा निकाल पाठवते. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या अशा दाराला ह्या धंद्यात एपीआय म्हणतात. ते दार चंद्रप्रकाशच्या बैठकांना जोडून द्यायचं, एवढंच इरावतीचं काम.

"नळाला पाइप लावायचाय," ती धम्मपालला म्हणाली. "झकास होईल."

पाइप लावायच्या आधी मात्र एक करावं लागायचं. बैठकीला बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा थोडा वेळ एकट्याने बोलायचं. त्यावरून ती सेवा त्याच्या आवाजाचा ठसा करून ठेवायची, अंगठ्याचा घेतात तसा. मग गर्दीतही ती माणूस ओळखायची. इरावतीने स्वतःचा ठसा दिला, धम्मपालचा घेतला. तपासायला एखादा वयस्कर आवाज हवा होता, आणि पुस्तकी मराठी न बोलणारा. तिने आईला टॅबलेटसमोर बसवलं.

"काय बोलू गो?"

"काहीही. बांगड्याचं तिखलं कसं करतेस ते सांग."

शकुंतलाबाईंनी तिरफळं कधी टाकायची इथपासून सुरुवात केली आणि थांबायचं नाव घेईनात. ठसा उत्तम निघाला.

चाचणीच्या बैठका भर दुपारी ठेवाव्या लागत, कारण जेवणाच्या सुट्टीत खालची पत्रे कापायची मशिनं बंद व्हायची. एरवी त्या इमारतीत स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे. मशिनं थांबली की मात्र सगळा गाळा एकदम गप्प होई, इतका की कानांना दडे बसल्यासारखं वाटे. त्या शांततेत इरावती हेडफोन लावून गाळ्यात, धम्मपाल कांजूरला आणि शकुंतलाबाई दिंडोशीला, असे तिघं पडद्यावर भेटत. काहीबाही बोलत. आणि मग निकाल यायचा.

पहिल्याच निकालात एक ओळ लाल दिसली.

अनोळखी आवाज: धम्मपाल. पुढे शेरा होता: हाकेला उत्तर नाही.

"तुला कोणी हाक मारली?" इरावतीने विचारलं.

"नाही यार. घरात मी एकटाच आहे."

तिने तेवढा आवाज काढून पुन्हा पुन्हा ऐकला. पंख्याची घरघर होती, आणि त्या घरघरीच्या खाली काहीच नव्हतं. कोणी बोलत नव्हतं, कोणी श्वास घेत नव्हतं. तरीही ती सेवा ठामपणे सांगत होती की इथे कोणीतरी एक नाव उच्चारलं आहे.

"मशिनचे कान वाजतायत," धम्मपाल म्हणाला. इरावतीला पटलं. तिला न पटण्यासारखं काही नव्हतंच.

पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि तिसऱ्याही. कधी धम्मपालचं नाव, कधी तिचं. एका बैठकीत एकदाच, आणि नेहमी सगळे गप्प असतील तेव्हा. इरावतीने आवाज गाळायची चाळणी बारीक केली, माइक बदलले, दुसऱ्या वायरी आणल्या. लाल ओळ काही जाईना.

चंद्रप्रकाशला नेमकं तेच खुपलं.

"मॅडम, रिपोर्ट एक नंबर आहे," तो फोनवर म्हणाला. "पण हा लाल रंग आमच्या बोर्डाला चालणार नाही. कोणी हाक मारली आणि समोरचा गप्प, ही तर आमच्या धंद्याची बेइज्जती झाली ना. प्रत्येक हाकेला जवाब दिसला पाहिजे. परवा डेमो आहे."

"होईल," इरावती म्हणाली.

आणि तिला युक्तीही सुचली. त्या सेवेला ठशावरून त्या माणसाच्या आवाजात बोलताही यायचं. बैठकीत माणसं आवाज बंद करून चहा करायला जातात, पोराला ओरडायला जातात, हे काय कोणाला माहीत नाही? मग एक नियम लिहून टाकायचा. कोणाला नावाने हाक आली आणि तो जरा वेळ गप्प राहिला, तर यंत्राने त्याच्याच आवाजात म्हणायचं, "हो, ऐकतोय." बाई असेल तर "हो, ऐकतेय." हाक मारणाराही खूश आणि चंद्रप्रकाशही. बसल्या बैठकीला तिने तो नियम लिहून काढला आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेली.

सकाळी घावणे खाताना तिने हे आईला सांगितलं, अनोळखी आवाजासकट, चांगलं रंगवून. आई हसेल असं तिला वाटलं होतं. शकुंतलाबाईंचा हात तव्यावर थांबला.

"एकच हाक मारता तो?"

"एकच. का गं?"

"तेका ओ देवची नाय गो." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या गावाक लहान पोराक पण ठावक आसता. आपला माणूस तीनदा हाक मारता, तेका आपली गरज आसता. दुसरो एकदाच मारता… आणि वाट बघता."

"आणि दिली ओ, तर?"

"मगे जावचा लागता. हो म्हटल्यार कसा रवतलंस?"

"आई, अगं, ओ मी नाही देणार. मशीन देणार आहे."

"आवाज कोणाचो?"

इरावती हसली, आईच्या गालाला पिठाचं बोट लावलं आणि निघाली. शकुंतलाबाई काही हसल्या नाहीत. दारापर्यंत आल्या आणि जिन्यावरून ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या.

त्या दुपारी खालची मशिनं थांबली आणि इरावतीने नियम चालू केला. बैठकीत ती आणि धम्मपाल दोघंच होते. धम्मपाल आवाज बंद करून पाणी प्यायला उठला होता; पडद्यावर त्याची रिकामी खुर्ची आणि मागचं अर्धं उघडं दार दिसत होतं. कानात नेहमीची शांतता. पंख्याची घरघर. मग अगदी जवळून, हेडफोनमधून धम्मपालचा आवाज आला.

"हो, ऐकतोय."

इरावती दचकली. आपणच लिहिलेला नियम आहे हे माहीत असूनही तिच्या अंगावर काटा आला. तिने समोर पाहिलं. निकालाची ओळ हिरवी झाली होती.

"चालतंय रे!" ती ओरडली. "धम्मा, बघ, चालतंय!"

खुर्ची रिकामीच राहिली. तिने वाट पाहिली, फोन केला. त्याचा फोन दाराजवळच्या स्टुलावर उजळताना तिला पडद्यात दिसला. मागचं दार आता पूर्ण उघडं होतं.

धम्मपाल सापडला तो कांजूरच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. अनवाणी, भर उन्हात. एका गोदामाच्या रखवालदाराने दंड धरून त्याला बसवला, पाणी पाजलं आणि त्याच्याकडून नंबर घेऊन त्याच्या बायकोला फोन लावला. संध्याकाळी इरावती त्याच्या घरी गेली तेव्हा तो पलंगावर पाय वर घेऊन बसला होता. तळव्यांना फोड आले होते आणि खोलीभर खाडीच्या चिखलाचा वास होता.

"ऊन लागलं असेल," इरावती म्हणाली.

"असेल." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. भूतखेत, देवदेवस्की असलं काही त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी मानलं नव्हतं, आणि तोही मानणारा नव्हता. म्हणूनच त्याला ते सांगायला जड जात होतं. "मला एवढंच आठवतं इरा… मी कोणाला तरी हो म्हटलंय. आता हो म्हटल्यावर जायला नको का? एवढंच डोक्यात होतं. वाईट काही वाटत नव्हतं गं. त्या रखवालदाराने हात धरला नसता तर मी गेलो असतो."

"कुठे?"

"ते मला माहीत नाही…"

इरावतीला भीती वाटली. ती भित्री नव्हती, पण त्या रात्री तिला झोप आली नाही हे खरं. दुसरी कोणी असती तर तिने तो नियम तिथल्या तिथे काढून टाकला असता. इरावतीने मात्र मनाशी हिशेब मांडला. डेमो उद्या आहे. धम्मपालला उद्या बैठकीतच घ्यायचं नाही, त्याचं नाव यादीतून काढायचं. आई तर डेमोला नसणारच. उरले मी आणि चंद्रप्रकाशची माणसं. त्यांचे ठसे अजून घेतलेले नाहीत, डेमोपुरतं त्यांच्या खात्यांच्या नावांवर भागेल. माझं नाव आलं तर मी स्वतः ऐकत बसलेली असेन. कोणाला काही होण्याचा प्रश्नच येत नाही. हिशेब बरोबर होता, म्हणजे तिला तसा वाटला.

डेमो छान झाला. चंद्रप्रकाशची माणसं बोलली, हसली, एकमेकांचं बोलणं तोडलं. मध्ये एकदा सगळेच गप्प झाले, बैठकीत होतात तसे. इरावती कान देऊन बसली. तिचं नाव आलं नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला. बैठक संपली आणि पडद्यावर निकाल उलगडला. वरपासून खालपर्यंत हिरवा.

"क्या बात है मॅडम!" चंद्रप्रकाश म्हणाला. "पण ह्या शकुंतला परब कोण? आमच्याकडच्या तर नाहीत."

इरावतीने ओळ वाचली.

अनोळखी आवाज: शकू.

शकुंतला परब: हो, ऐकतेय.

मशिनला यादी लागत नव्हती. ठसा होता, तेवढं त्याला पुरे होतं. आईचं नाव यादीत नाही म्हणून ती निर्धास्त राहिली होती, आणि आईचा ठसा पहिल्या दिवसापासून तिथे पडून होता. तिने तेवढा तुकडा लावला. आईचाच आवाज. उभ्या जन्मात जी बाई "ऐकतेय" म्हणाली नव्हती, तिचा आवाज शांतपणे, स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणत होता, "हो, ऐकतेय."

घरचा फोन कोणी उचलला नाही. शेजारच्या जयंतीकाकूंना लावला, त्यांनी लगेच उचलला. "अगं, तुमचं दार सताड उघडं आहे. कुकर ओरडत होता म्हणून मी येऊन गॅस बंद केला. तुझी आई कुठेय?"

इरावतीने रिक्षा पकडली. ती स्वतःला शिव्या देत होती, आणि त्याच वेळी डोकं भराभर चालत होतं. खाडी घरापासून लांब. आई जिना उतरून कुठे वळेल? बाजारात नाही. वसाहतीच्या मागे रस्ता संपतो, तिथून टेकडी सुरू होते, झाडी सुरू होते. तिने रिक्षा थेट तिथे घातली.

शकुंतलाबाई दिसल्या. रस्ता संपून पायवाट लागते तिथे, पाठमोऱ्या, अनवाणी. उन्हाने माती तापली होती आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्या घाईत नव्हत्या. बोलावणं आलेलं माणूस चालतं तशा नीट, एका चालीने चालल्या होत्या. आणि झाडीत, जिथे त्या चालल्या होत्या, तिथे दुपार असूनही काळोख होता.

"आई!"

त्या वळल्या नाहीत.

"आई!" इरावती धावत सुटली, चप्पल तुटली, ती तशीच फेकून दिली. शकुंतलाबाई झाडीत शिरल्या. पदराचं हिरवं टोक दिसलं आणि दिसेनासं झालं. इरावती कडेला उभी राहून, सगळा जीव एकवटून तिसऱ्यांदा ओरडली. "आई गं!"

बराच वेळ काही हललं नाही. मग पानं वाजली आणि शकुंतलाबाई बाहेर आल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"इलंय गो, इलंय. कित्याक बोंबलतंस?"

इरावती त्यांच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. घरी आल्यावर तिने त्यांचे पाय धुतले. तळव्यांना एकही फोड नव्हता, साधा ओरखडाही नव्हता. चला, तेवढं तरी वाचलं, असं तिला वाटलं.

तिने नियम काढून टाकला. चंद्रप्रकाशला स्पष्ट सांगितलं, "लाल दिसलं तर दिसू दे. हाकेला माणूसच ओ देईल, नाहीतर कोणी देणार नाही." तो कुरकुरला आणि कबूल झाला. इरावतीच्या आवाजात असं काही आलं की माणसं कबूल होत. धम्मपाल आठवड्याने कामाला आला. शकुंतलाबाई पहिल्यासारख्या घरात वावरू लागल्या. घावणे तेच, तिखलं तेच, चव तीच. आपण वेळेवर पोचलो, तीन हाका मारल्या आणि आईला परत आणलं, ह्याचा इरावतीला मनातून अभिमान वाटू लागला होता.

मग राहिले होते ते ठसे पुसायचे. ते तिला तिथे एक दिवसही ठेवायचे नव्हते. पण त्या सेवेचा नियम असा, की ठसा ज्याचा त्यानेच बोलून पुसायला सांगायचं. उगाच दुसऱ्याने कोणाचा आवाज पुसू नये म्हणून. धम्मपालने आपल्या फोनवर ते वाक्य म्हटलं. ठसा जुळला आणि पुसला गेला. इरावतीने म्हटलं, तिचाही गेला. रविवारी सकाळी तिने आईला टॅबलेटसमोर बसवलं.

"हे वाच. मोठ्याने."

"माझा आवाज पुसून टाका," शकुंतलाबाईंनी वाचलं.

पडद्यावर चक्र फिरलं आणि अक्षरं आली. हा आवाज शकुंतला परब यांच्या आवाजाशी जुळत नाही.

"जरा जवळून बोल."

जवळून म्हटलं, तरी जुळलं नाही. इरावतीने खिडकी लावली, पंखा बंद केला, दुसरा माइक आणला. सर्दी झालीय का तुला, तिने विचारलं. नाय गो, आई म्हणाली, आणि ती म्हणाली तशीच म्हणाली, जशी आयुष्यभर म्हणत आली होती. इरावतीच्या कानाला त्या आवाजात कणभर फरक लागेना. वाच म्हटलं की त्या वाचत होत्या, न कंटाळता, पुन्हा पुन्हा. एरवी दुसऱ्या वेळेलाच "जळलो मेलो तुझो मशीन" म्हणून उठून गेल्या असत्या, हे इरावतीच्या लक्षात आलं.

पडद्यावर आता एक नवीन चौकट उघडली होती. हा आवाज नवीन व्यक्तीचा दिसतो. कृपया नाव लिहा.

शकुंतलाबाई पुढे वाकल्या. डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा ओळखीचा वास आला. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"काय विचारता गो ता?"

"तुझं… तुझं नाव विचारतंय, आई."

त्या हसल्या. प्रेमाने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"तुका व्हया ता घाल."